भाव सांगायच्या आधी

देवगडला आमची हापूस आंब्याची कलमं आहेत. मुंबई-पुण्याहून फोन येतो, ‘पेटी कितीला?’ भाव सांगितला की ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. काय चुकतं?

‘कितीला?’ला लगेच आकडा दिलात की बोलणं तिथेच संपतं. आधी विचारा, घरी खायला हवेत की कुणाला पाठवायचे? कधीपर्यंत? घरात माणसं किती? अक्षय्य तृतीयेच्या नैवेद्याला हवे असतील तर अढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला घालून, रंग धरलेलं फळ लागेल. तिघांच्या घरात 5 डझनांची पेटी एकदम पिकली तर निम्मी वाया जाईल, तिथे 2 डझनच घ्या म्हणा. विक्री कमी झाली म्हणून जीव हळहळतो खरा, पण असं गिऱ्हाईक पुढच्या हंगामात आपणहून फोन करतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग भाव सांगा, फळाच्या वजनासकट. साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचं, गिऱ्हाईकाने विचारायची वाट पाहू नका. तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. ‘साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देतो,’ हे तुमच्याच तोंडून आधी येऊ दे. गिऱ्हाईकाच्या मनातली खरी भीती तीच असते.

‘कर्नाटकचा हापूस निम्म्या भावात मिळतो’ असं ऐकलं की डोकं फिरतं. काय बोलावं? (रत्नागिरी)

त्या आंब्याला नावं ठेवू नका, तोही कुणाच्या तरी कष्टाचा आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या 5 जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पाठवा. नसेल तर आधी ती करा. कार्बाइड न वापरता पेंढ्यात पिकवत असाल तर अढीचा साधा व्हिडिओही दाखवा. एवढ्यावरही तो फक्त भावच बघत असेल तर त्याला आनंदाने जाऊ द्या.

तारकर्लीत आमचं होमस्टे आहे. जुलैत येणारे ताज्या सुरमईचं विचारतात. खरं सांगितलं तर बुकिंग जाईल ना?

एखादं जाईल. तरी सांगाच: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पण नुसत्या ‘नाही’वर थांबू नका. सुका बांगडा, टाकळ्याची भाजी, सोलकढी, गरम भाकरी, जे तुमच्या चुलीवर खरंच होतं ते सांगा. आणि पावसात समुद्रात उतरता येणार नाही, हेही पैसे घेण्याआधी त्याच फोनवर सांगून टाका.