गावावरून हाय टेन्शन लाइन जाते, मग त्याच लाइनवरून गावाला स्वस्तात वीज का नाही देता येत?

देता येते, पण थेट टॅप मारून नाही. १३२ किंवा २२० केव्हीवरून (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) खाली उतरवायला ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, प्रोटेक्शन असं अख्खं सबस्टेशन लागतं, त्याला काही कोटी जातात आणि गावाचा लोड असतो जेमतेम शे-दोनशे किलोवॅट, मग कोण करणार एवढा खर्च?

पण घानामध्ये १९८०च्या दशकात यावर फार सुंदर तोडगा काढला, आयडिया रोमच्या प्रोफेसर फ्रान्चेस्को इलिचेतो यांची. टॉवरच्या अगदी टोकाला नीट बघा, एक-दोन बारीक तारा दिसतील, ती आकाशातून पडणाऱ्या विजेपासून लाइन वाचवणारी अर्थ वायर. आपल्याकडे ती सरळ टॉवरच्या लोखंडालाच जोडलेली असते. तिथे त्यांनी १६१ केव्ही लाइनवर तीच तार इन्सुलेटरवर, म्हणजे टॉवरमध्ये वीज उतरू न देणाऱ्या आधारावर बसवली आणि मोठ्या सबस्टेशनमधून तिच्यात साधारण ३० केव्ही सोडले, परतीचा रस्ता म्हणून चक्क जमीन वापरली! वाटेतल्या गावाला मग फक्त छोटा डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर पुरतो, नवीन खांब नाहीत, वेगळी जागा नाही. आणि वीज पडली तर इन्सुलेटरजवळच्या गॅपमधून स्पार्क होऊन ती जमिनीत जाते, म्हणजे तारेचं मूळ कामही चालूच राहतं. पुढे लाओसमध्येपण हे केलं.

फक्त अर्थिंग एकदम चोख पाहिजे, त्यात कंजूषी केली तर माणसं-जनावरं मरतील. आणि हे लाइन उभी करतानाच ठरवलं तर स्वस्त पडतं, नंतर बदलायचं म्हणजे लाइन बंद ठेवावी लागते. लाइनखाली राहूनही अंधारात बसलेल्या गावांसाठी हा विचार आधीच व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.