जोडलंय, पण यादीत नाही

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला माउस, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह अशा तीनच वस्तू जोडलेल्या आहेत. लिनक्सवर यूएसबीने जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड दिली की आठ ओळी येतात. बाकीचे पाच कोण? माझ्या नकळत कोणी काही बसवलं तर नसेल ना?

उत्तर: बसवलंय, पण कारखान्यात. लॅपटॉपचा कॅमेरा, ब्लूटूथ आणि बोटाचा ठसा घेणारा सेन्सर बहुतेक वेळा आतल्या आत यूएसबीनेच जोडलेले असतात. ते झाले तीन. उरलेल्या दोन ओळींत ‘१डी६बी’ असा क्रमांक दिसेल, ती रूट हब. रूट हब ही वेगळी वस्तू नसते. मदरबोर्डावरच्या कंट्रोलरचं, म्हणजे यूएसबी सांभाळणाऱ्या चिपचं जे तोंड असतं, त्यालाच लिनक्स असं दाखवतं. पुढे ०००२ असेल तर यूएसबी २.० आणि ०००३ असेल तर ३.०. निळं पोर्ट दिसायला एक असलं तरी त्यात जुन्या तारा वेगळ्या आणि नव्या वेगळ्या, म्हणून एकाच कंट्रोलरची नोंद दोनदा होते. बाहेरून लावलेला ३.० चा हबही (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) असाच दोनदा दिसतो, त्यावर घाबरून मला पुन्हा लिहू नका.

नावावर मात्र फार विसंबू नका. यादीतलं नाव पुष्कळदा संगणकावरच्या एका फाइलमधून, क्रमांक जुळवून घेतलेलं असतं. कोणत्याही दुकानातला, कोणत्याही नावाचा हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा स्वस्त बोर्ड घ्या. त्यावर सीएच३४० ही यूएसबी-सिरिअल जोडणारी चिप असेल तर यादीत बहुधा १ए८६:७५२३ येतं. कोलनच्या आधीचा आकडा चिप किंवा वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा, नंतरचा तिच्या मॉडेलचा. शोधायचं तर हे आकडे शोधा.

शंका घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या ठिकाणी घ्या. ‘एलएसयूएसबी’पुढे ‘-टी’ लावलं की झाडासारखी मांडणी येते आणि प्रत्येक वस्तूचा वर्ग दिसतो. पेन ड्राइव्हचा वर्ग ‘मास स्टोरेज’, म्हणजे फाइल साठवणारी वस्तू, असायला हवा. त्याच पेन ड्राइव्हखाली ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस’ही दिसलं, म्हणजे तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेत असला, तर तो काढा आणि परत लावू नका.

प्रश्न: माझी बाहेरची हार्ड डिस्क कधी दिसते, कधी नाही. न दिसल्यास विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस (डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड)’ असं येतं आणि कोड ४३. ड्रायव्हर (वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकले, शेवटी विंडोजही नव्याने टाकलं. मित्राच्या संगणकावर ती नीट चालते. आता काय करू?

उत्तर: विंडोज नव्याने टाकायची वेळ यायच्या आधी लिहिलं असतंत तर एक दिवस वाचला असता. ड्रायव्हरची पाळी इथे आलेलीच नाही.

वस्तू लावल्याक्षणी काय घडतं ते पाहा. २.० च्या तारांपैकी एका तारेवर ती वस्तू दाब देते, त्यावरून पोर्टला कळतं की कोणी आलं. संगणक पोर्ट रीसेट करतो. या घडीला वस्तूला पत्ता नसतो, ती शून्य क्रमांकावर बोलते. संगणक तिला विचारतो, तू कोण? मग १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि पुन्हा नीट विचारतो. उत्तर म्हणून १८ बाइटांचा मजकूर यायचा असतो, तोच डिस्क्रिप्टर, त्यात ते कंपनी-मॉडेलचे आकडे असतात. आकडे आले की मगच त्यांना जुळणारा ड्रायव्हर शोधला जातो. तुमच्याकडे हे १८ बाइटच पोचत नाहीत. शाळेच्या हजेरीसारखं आहे: वर्गात बसलेला असूनही ‘हजर’ म्हणाला नाही, तर वहीत तो नाही.

एरर दिसतोय म्हणजे कोणी आलंय एवढं कळलं, पण बोलणं तुटलं. हा फरक महत्त्वाचा आहे. काहीच दिसत नसतं, साधा टिंग आवाजही येत नसता, तर मी आधी केबल फक्त चार्जिंगची आहे का ते पाहिलं असतं. तसल्या केबलीत डेटाच्या ताराच नसतात. (माझ्याकडच्या तसल्या केबलींना मी लाल चिकटपट्टी लावून ठेवते, कारण दिसायला त्या अगदी सारख्याच.)

तुमच्याकडे संशय केबल आणि वीज या दोघांवर. पहिल्यांदा केबल बदला, आखूड घ्या. मधे हब असेल तर काढा. मोठा संगणक असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. पुढच्या पोर्टाकडे कॅबिनेटमधून एक जास्तीची तार जाते आणि तीच पुष्कळदा ढिली असते. वीज म्हणाल तर २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतं, ३.० चं ९००. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना झटक्यात जास्त लागते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या २.० च्या हबवर तर प्रत्येक पोर्टाच्या वाट्याला नियमाने १०० च येतात. मित्राचं पोर्ट थोडं दिलदार असेल, इतकंच.

लिनक्सची सीडी किंवा पेन ड्राइव्ह हाताशी असेल तर त्यावरून संगणक सुरू करा, डिस्क लावा आणि ‘डीमेसेज’ (dmesg) ही कमांड देऊन लिनक्सच्या आतल्या नोंदी वाचा. ‘एरर -७१’ म्हणजे बोलणं अर्धवट, विस्कटलेलं आलं. मी तिथे केबलकडेच हात नेते. ‘एरर -११०’ म्हणजे वाट पाहिली, उत्तर आलंच नाही. आणि ‘इनसफिशिअंट अव्हेलेबल बस पॉवर’ असं लिहून आलं तर आणखी काही विचारायलाच नको. एक सोपी खूण आणखी आहे. लिनक्स प्रत्येक जोडणीला नवा डिव्हाइस क्रमांक देतं. हात न लावता तो ७, ८, ९ असा वाढत चालला असेल, तर डिस्क आपोआप सुटून पुन्हा लागते आहे.

डिस्क दिसू लागली की लिनक्सवरच ‘एलएसयूएसबी -टी’च्या झाडात तिच्यापुढचा वेगही पाहा. ३.० ची डिस्क ५०००एम दाखवायला हवी. ४८०एम दाखवत असेल तर ती जुन्या तारांवर बोलते आहे. प्लग हळू सरकवला की आतल्या नव्या टोकांआधी जुनी टोकं जुळतात आणि असं होतं. काढून एका दमात लावा.

प्रश्न: पेन ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसतो, पण त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही.

उत्तर: मग यूएसबीचं काम झालं, तक्रार पुढच्या मजल्यावर. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे विभाग दिसत असेल तर उजवं क्लिक करून अक्षर द्या. फॉरमॅट करू का, असं विचारलं गेलं आणि आतल्या फाइल हव्या असतील, तर ‘नाही’ म्हणा आणि आधी फाइल परत मिळवायचा प्रयत्न करा.

प्रश्न: यूएसबी-सिरिअल केबल दुसऱ्या पोर्टात लावली की विंडोज तिला नवीन समजतं आणि तिला दिलेला पोर्ट क्रमांक कॉम४ चा कॉम७ होतो. मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वेळी बदल करावा लागतो.

उत्तर: तुमच्या केबलीला सिरिअल क्रमांक नसणार. सीएच३४० वाल्यांना बहुधा नसतो, एफटीडीआय या कंपनीची चिप असलेल्या पुष्कळ केबलींना असतो. ओळखायला क्रमांकच नाही म्हटल्यावर विंडोज वस्तूऐवजी जागा लक्षात ठेवतं. जागा बदलली की नवी नोंद. पोर्ट ठरवून घ्या, त्यावर कागद चिकटवा, आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या पोर्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून त्या जागेला कॉम४ द्या. तो ‘वापरात’ दाखवला तर ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून जुनी, आता न जोडलेली नोंद आधी काढा. लिनक्सवर /dev/serial/by-path या फोल्डरातलं नाव वापरा. तिथे पत्ता जागेवरून ठरतो. उदाहरणार्थ, लिनक्सच्या नोंदीत १-१.४ म्हणजे पहिली बस (कंट्रोलरची वाहिनी), तिचं पहिलं पोर्ट, त्यावरच्या हबचं चौथं. हब दुसरीकडे लावलात की तो पत्ताही बदलेल, तेव्हा चिठ्ठी हबवरही लावा.