९८२२० चा मालक कोण?

एका दैनिकात व्होडाफोन-आयडियातल्या सरकारी हिश्श्याची बातमी आली आणि आमच्या सदराची पेटी भरली. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. मी दूरसंचार खात्याच्या लेखा शाखेत नोकरी केली हे वाचकांना ठाऊक असल्यामुळे काहींनी मलाच जबाबदार धरलं आहे. तेवढा अधिकार मला कधीच नव्हता.

प्रश्न : ताई, माझा नंबर ९८२२० ने सुरू होतो. पुण्यात घेतला तेव्हा कार्डावर 'बिर्ला एटी अँड टी' छापलेलं होतं. मग आयडिया झालं, आता व्हीआय. मी एकदाही कंपनी सोडली नाही, तरी कंपनी बदलत गेली. एकूण मालक किती झाले? (निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : सर, बिर्ला यातून कधीच गेले नाहीत. बाकीचे आले आणि गेले.

मार्च १९९५ मध्ये 'बिर्ला कम्युनिकेशन्स' या नावाने कंपनी नोंदवली गेली. महाराष्ट्र-गोवा आणि गुजरात ही दोन सर्कल, म्हणजे परवान्याची क्षेत्रं, तिला मिळाली. मुंबई हे तेव्हाही वेगळं सर्कल होतं, त्यामुळे मुंबईचा या गोष्टीत प्रवेश उशिरा होतो. पुढच्या वर्षी अमेरिकेची एटी अँड टी भागीदार झाली आणि १९९७ मध्ये सेवा सुरू झाली. २००० मध्ये आंध्र प्रदेशातली टाटा सेल्युलर यात विलीन झाली. बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी अशा तिघांच्या या संसाराला बाजाराने लगेच 'बटाटा' म्हणायला सुरुवात केली. मध्य प्रदेशची आरपीजी सेल्युलर २००१ मध्ये घेतली. २००२ मध्ये 'आयडिया' हे नाव आलं आणि बटाट्यातून सगळ्यांची सुटका झाली.

२००४ मध्ये एस्कोटेल विकत घेऊन कंपनी केरळ, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पोचली. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत एटी अँड टी वायरलेस हीच दुसऱ्या कंपनीने गिळली. नव्या मालकाला भारतात रस नव्हता, त्यामुळे तो हिस्सा टाटा-बिर्लांनी वाटून घेतला. उरले दोघे, आणि दोघांचं पटेना. टाटांची स्वतःची टाटा टेलिसर्व्हिसेस तोवर गावोगाव फोन विकत होती. एकाच सर्कलमधल्या दोन परवानाधारक कंपन्यांत कोणाचाही १० टक्क्यांहून जास्त हिस्सा नसावा, अशी परवान्याची अट होती. बिर्लांनी त्या अटीवर बोट ठेवलं. अखेर २००६ मध्ये टाटांनी आपला ४८.१४ टक्के हिस्सा ४,४०६ कोटींना बिर्लांना विकला. माझ्या मते या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ सौदा हाच. भांडण झालं, आकडा ठरला, पैसे दिले, विषय संपला.

२००७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २००८ मध्ये पंजाब-कर्नाटकची स्पाइस घेतली. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन इंडियाशी विलीनीकरण पूर्ण झालं, तेव्हा व्होडाफोनकडे ४५.१ टक्के आणि बिर्लांकडे २६ टक्के होते. म्हणजे तुमच्या नंबरचे मूळ मालक स्वतःच्याच कंपनीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. आज ते तिसऱ्या क्रमांकावर आहेत. पहिला क्रमांक कोणाचा, ते खाली येतंच आहे.

प्रश्न : आमच्याकडे मुंबईत ९८२०० होता. मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन अशी चार नावं मी बघितली. जाहिरातीतला तो कुत्रा हचचा होता ना? मग व्होडाफोनकडे कसा गेला? (गृहिणी, गिरगाव)

उत्तर : कुत्रा सामानाबरोबर गेला!

हाँगकाँगचा हचिसन समूह आणि अनलजित सिंग यांचा मॅक्स समूह यांनी मिळून 'हचिसन मॅक्स' काढली आणि १९९५ मध्ये मुंबईत सेवा सुरू केली. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. त्यामुळे लोक नंबर बघून फोन कापत आणि खाली जाऊन पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनवरून, उलट फोन करत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ मध्ये.

मॅक्सने १९९८ मध्ये बराच हिस्सा हचिसनला विकला. मग मॅक्स टच हे नाव ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून २००० मध्ये 'ऑरेंज' आलं. या नावाची गंमत सांगते. ऑरेंज हा ब्रँड हचिसननेच ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये काढला होता. १९९९ मध्ये त्यांनी तो जर्मनीच्या मानेसमानला विकला. लगेच २००० मध्ये व्होडाफोनने मानेसमानलाच विकत घेतलं. त्यामुळे काही महिने ऑरेंज चक्क व्होडाफोनकडे होतं, पण स्पर्धेच्या नियमांमुळे ते फ्रान्स टेलिकॉमला विकावं लागलं. तुमच्या गिरगावातलं ऑरेंज मात्र हचिसनकडेच चालू राहिलं. २००५ मध्ये तेही 'हच' झालं, कारण देशात इतरत्र हच हेच नाव चालत होतं. दिल्लीसह बहुतेक ठिकाणी भागीदार होते एस्सार. पुणे-नाशिककडचा ९८२३० म्हणजे बीपीएल, तोही २००६ च्या सुमारास हचकडे आला.

तो कुत्रा, म्हणजे पग, २००३ च्या जाहिरातीतला. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन एस्सारमधला हचिसनचा ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेण्याचं ठरवलं. त्याआधी व्होडाफोनचा एअरटेलमध्ये जवळपास १० टक्के वाटा होता. प्रतिस्पर्ध्याचं घर घ्यायचं म्हणून त्यातला बराचसा परत विकला. सप्टेंबर २००७ मध्ये पाट्या बदलल्या आणि जाहिरातीत त्याच पगचं घर लाल झालं. एस्सारच्या ३३ टक्क्यांतला बराचसा हिस्सा व्होडाफोनने २०११ मध्ये घेतला. उरलेले भारतीय भागीदार, अनलजित सिंग आणि अजय पिरामल, यांचा हिस्सा २०१४ मध्ये सुमारे १०,१४१ कोटी देऊन घेतला. दूरसंचारात १०० टक्के परकी मालकीला मुभा २०१३ मध्ये मिळाली, त्याआधी हे शक्यच नव्हतं.

प्रश्न : हच विकून नफा हचिसनला झाला, मग कराची नोटीस व्होडाफोनला का? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : कारण पैसे देणाऱ्याने कर कापून घ्यायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं. पण सौदा झाला होता केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरचा. दोन्ही पक्ष परदेशी आणि कागदही परदेशी. मालमत्ता तेवढी इथली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन महिन्यांत अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी अर्थसंकल्पात कायदाच बदलायला घेतला आणि तो लागू केला १९६२ पासून! सप्टेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादाने व्होडाफोनची बाजू उचलून धरली आणि २०२१ मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. परीक्षेत तारखा लिहा, पण उत्तराचा गाभा 'मालमत्ता कुठे आहे आणि हस्तांतर कुठे झालं' हा आहे.

प्रश्न : मी आयडियाचे शेअर पब्लिक इश्यूत ७५ रुपयांना घेतले होते. आता सरकारकडे ४९ टक्के आहेत म्हणतात. ही बीएसएनएलसारखी सरकारी कंपनी झाली का? सरकार यात आलंच कसं? (छोटा गुंतवणूकदार, नाशिक)

उत्तर : आता माझ्या टेबलावरचा विषय निघाला.

सरकार यात 'आलं' असं सगळे लिहितात. माझ्या लेखी सरकार १ ऑगस्ट १९९९ पासूनच भागीदार आहे, फक्त शेअर नंतर मिळाले. सुरुवातीला कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक परवाना शुल्क देण्याच्या बोली लावल्या होत्या. बोली लावताना उत्साह दांडगा होता. प्रत्यक्षात कॉल महाग, ग्राहक थोडे, आणि हप्ते थकू लागले. मग १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलात वाटा ही पद्धत आणली. सुरुवातीला १५ टक्के, पुढे कमी होत ८ टक्के. या सवलतीनेच त्या काळच्या कंपन्या तगल्या, हे आज कोणी सांगत नाही.

वाटा म्हटलं की 'कशातला' हा प्रश्न आलाच. समायोजित एकूण महसूल, म्हणजे एजीआर. तिमाही विवरणपत्रं यायची, त्यात वजावटींचे रकाने. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर कॉल उतरवायला दिलेले पैसे, रोमिंगचे दुसऱ्याला दिलेले पैसे, सेवा कर, एवढं वजा करायला मुभा. खरी मारामारी दुसऱ्या बाजूला होती. बँकेतल्या ठेवीचं व्याज हा महसूल का? इमारतीचं भाडं? भंगार विकलं त्याचे पैसे? परवान्यातली व्याख्या इतकी रुंद होती की सगळंच त्यात बसत होतं. कंपन्या म्हणायच्या, भंगाराचा आणि फोनचा काय संबंध? खातं म्हणायचं, सही करताना व्याख्या वाचली नव्हती का?

हा वाद न्यायाधिकरणात आणि न्यायालयात दीड दशकाच्या वर फिरला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने खात्याची व्याख्या ग्राह्य धरली. परवाना शुल्कापोटी सगळ्या उद्योगाकडून मागितलेली रक्कम सुमारे ९२,६०० कोटी. त्यात मुद्दल किती? सुमारे २३,००० कोटी. बाकी व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे फोनसाठीच्या रेडिओलहरींच्या, वापराचे आकार धरून एकट्या व्होडाफोन-आयडियाकडची मागणी ५८,२५४ कोटी निघाली. जुलै-सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत कंपनीने ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला. तोवर कुठल्याही भारतीय कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा दाखवला नव्हता.

मी खात्याची माणूस, तरी सांगते. व्याख्या मान्य करून परवाना घेतला आणि वादातल्या रकमेची पुरेशी तरतूद केली नाही, हा कंपन्यांचा दोष. पण ज्या मुद्द्यावर न्यायाधिकरणाचंही मत वेगळं पडलं होतं, त्यावर दंड आणि वर दंडाचं व्याज लावणं मला कधी पटलं नाही. आणि २०२१ च्या मदत योजनेत सरकारने स्वतःच दूरसंचाराबाहेरचं उत्पन्न त्या व्याख्येतून काढलं. मात्र फक्त पुढच्या काळासाठी!

दरम्यान धंदाही बसला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली, कॉल फुकट झाले. मार्च २०१७ मध्ये विलीनीकरण जाहीर झालं ते त्या धक्क्यानंतर. तेव्हाचा विश्वास बघा : पुढे बिर्लांना व्होडाफोनकडून आणखी शेअर घेऊन बरोबरीला येता यावं म्हणून भाव ठरला १३० रुपये. दोनच वर्षांत, २०१९ मध्ये, कंपनीने हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, विकले साडेबारा रुपयांना. जून २०२१ मध्ये कुमार मंगलम बिर्ला यांनी सरकारला पत्र लिहून आपला हिस्सा देऊ केला आणि ऑगस्टमध्ये अध्यक्षपद सोडलं.

त्याच वर्षीच्या मदत योजनेत देणी चार वर्षं पुढे ढकलण्याची आणि त्यावरच्या व्याजाचे शेअर देण्याची सोय होती. त्यानुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या बदल्यात सरकारला दहा रुपये भावाने सुमारे ३३ टक्के मिळाले. २०२४ मध्ये कंपनीने ११ रुपयांनी शेअर विकून १८,००० कोटी उभे केले, तेव्हा सरकारचा टक्का उतरला. २०२५ च्या मार्चअखेर स्पेक्ट्रमची ३६,९५० कोटींची थकबाकी शेअरमध्ये बदलायचं ठरलं आणि एप्रिलमध्ये टक्का गेला ४८.९९ वर. व्होडाफोनकडे सुमारे १६ आणि बिर्लांकडे साडेनऊ उरले.

सरकारी कंपनी मात्र नाही. कायद्याने त्यासाठी किमान ५१ टक्के लागतात, आणि हा आकडा त्याच्या अलीकडे थांबला आहे तो योगायोगाने नव्हे. कारभार प्रवर्तकांकडेच, म्हणजे बिर्ला आणि व्होडाफोनकडेच, आहे.

शेअर ठेवा की विका, हे मी सांगत नाही. भावाऐवजी एक आकडा बघा. इश्यूनंतर कंपनीचे अडीचशे कोटींहून थोडे अधिक शेअर होते, एप्रिल २०२५ च्या वाटपानंतर १०,८०० कोटींच्या वर गेले. तुमच्या प्रत्येक शेअरमागची मालकी चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास आली. भाव उद्या वर गेला तरी ही पातळ झालेली मालकी घट्ट होत नाही.

प्रश्न : ९८२१० चं काय झालं? आणि आमचीही कंपनी बंद पडली तर नंबर जाईल का? (दुकानदार, ठाणे)

उत्तर : ९८२१० म्हणजे मुंबईचं बीपीएल. महाराष्ट्राचं बीपीएल हचकडे गेलं, पण मुंबईचं त्या सौद्याबाहेर राहिलं. २००९ मध्ये त्याचं 'लूप' झालं. परवान्याची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्ये संपली, एअरटेलशी ठरलेला सौदा शेवटच्या क्षणी फिसकटला आणि सेवा बंद झाली. तोवर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय होती, म्हणून अनेकांचे ९८२१० आजही दुसऱ्या कंपन्यांवर चालू आहेत. जे शेवटपर्यंत थांबले त्यांची मात्र दुकानांपुढे रांगेत दमछाक झाली.

तुमची कंपनी बंद पडेल असं मी म्हणत नाही. कधी हलायचंच झालं तर पोर्ट हा शब्द इंग्रजीत टाइप करा, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा संकेत येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. पोस्टपेड असेल तर बिल आधी भरा. आणि सिम हरवून किंवा बिघडून नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबा, नाहीतर तो संकेत येणारच नाही.