मानसशास्त्राचे प्राध्यापक मुळात कुठून येतात?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली असून एम.ए.नंतर पीएच.डी. करण्याचा तिचा विचार आहे. मार्गदर्शकाच्या शोधात तिने दोन-तीन विद्यापीठांची माहितीपत्रके जमवली. त्यांत एका प्राध्यापकांची पहिली पदवी अभियांत्रिकीची आहे, एका बाईंची तत्त्वज्ञानाची, आणि आणखी एकांच्या नावापुढे संशोधनाचा विषय म्हणून चक्क ‘गर्दी’ असे छापले आहे. ही मंडळी खऱ्या अर्थाने मानसशास्त्रज्ञ म्हणायची का? आणि मार्गदर्शक निवडताना नेमके काय पाहावे?
— एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : निःशंकपणे म्हणायची. हा विषयच मुळी बाहेरून आलेल्या माणसांनी उभा केला आहे. १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारे विल्हेल्म वुंट पदवीने वैद्यक शाखेचे डॉक्टर होते; मुले विचार कसा करतात याचा आयुष्यभर मागोवा घेणाऱ्या ज्याँ पियाजे यांनी १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींच्या कुळातील मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास करून. मुलांच्या चुकांकडेही ते हसण्यावारी न नेता निसर्गनिरीक्षकाच्या चिकाटीने पाहत राहिले, त्याचे मूळ मला तरी या गोगलगायींतच दिसते.

तेव्हा पहिली पदवी कोणती, यापेक्षा तो माणूस कोणता प्रश्न बरोबर घेऊन आला, हे पाहावे. तुम्हाला खटकलेल्या ‘गर्दी’ या विषयाचेच उदाहरण घेऊ. त्याची एक वाट हेन्री ताजफेल यांच्यापाशी जाते. १९१९ मध्ये पोलंडमधील ज्यू घरात जन्मलेले ताजफेल फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकायला गेले, महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि जर्मनांच्या कैदेत पडले. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवले नाही, मात्र पोलंडचे आहोत हे कळू दिले नाही; नोंद फ्रेंच कैदी अशी झाली म्हणून ते वाचले. युद्ध संपून परतले तेव्हा घरातले जवळजवळ कोणीच उरले नव्हते. कागदावरच्या एका शब्दाने कोण जगणार आणि कोण मरणार हे ठरताना ज्याने पाहिले, तो माणूस पुढे रसायनशास्त्राकडे न वळता मानसशास्त्राकडे वळला, यात नवल वाटू नये.

इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात असताना त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून ते किती असावेत याचा अंदाज विचारला. मग ‘तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला’, ‘तू कमी सांगणाऱ्यांच्या’ असे प्रत्येकाला वेगवेगळे कळवले. वस्तुतः ही वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. त्यानंतर प्रत्येकाने दोन अनोळखी मुलांना थोडे थोडे पैसे वाटायचे होते, स्वतःला काहीच मिळणार नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटातल्याला झुकते माप दिले. पुढच्या प्रयोगात तर आपल्या गटाच्या पदरात एकूण रक्कम कमी पडली तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा ती जास्त असावी, असाच कल दिसला. भाऊबंदकीचे खटले पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

याच ब्रिस्टलच्या परंपरेत स्टीफन रायकर तयार झाले. गर्दीत माणसाची अक्कल गहाण पडते, हा समज त्यांनी ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात १९८० मध्ये झालेल्या दंगलीचा अभ्यास करून खोडून काढला, आणि पुढे भारतीय सहकाऱ्यांसह ते प्रयागच्या माघमेळ्यापर्यंत पोहोचले. २०११ च्या मेळ्याच्या आधी महिनाभर आणि नंतर महिनाभराने ४१६ यात्रेकरूंना, तसेच मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांना त्यांच्या प्रकृतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल विचारण्यात आले. कडाक्याची थंडी, कोंदट तंबू आणि ध्वनिवर्धकांचा अखंड गोंगाट सोसूनही यात्रेकरूंनी आपली तब्येत सुधारल्याचे सांगितले. घरी राहिलेल्यांत तसा बदल आढळला नाही. आणखी एका प्रयोगात तोच कर्कश आवाज ‘मेळ्यातला’ म्हणून ऐकवला असता लोकांनी तो अधिक वेळ ऐकला आणि ‘शहरातला’ म्हणून ऐकवला तेव्हा कमी. रामकुंडावर सिंहस्थाची पर्वणी पाहिलेल्या नाशिककराला हा विषय किरकोळ वाटू नये. किंबहुना २०२७ चे सिंहस्थ तोंडावर असताना तुमच्या मुलीने त्या प्राध्यापकांना आधी भेटावे, असेच मी म्हणेन.

निवडीविषयी एवढेच सांगतो. माहितीपत्रकातील ‘संशोधनाचे विषय’ ही ओळ बहुधा ऐसपैस लिहिलेली असते. ‘ताण, आरोग्य, व्यक्तिमत्त्व’ यांत काय मावत नाही? त्याऐवजी भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातून त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध उघडून संशोधन पद्धतीचे प्रकरण वाचावे. प्रत्येक प्रबंधात त्याच दोन प्रश्नावल्या, तेच महाविद्यालयीन विद्यार्थी आणि फक्त गावाचे नाव बदललेले असेल, तर पहिली पदवी मानसशास्त्राचीच असूनही ते मार्गदर्शक मी टाळीन.

प्रश्न : वडिलांना दोन महिने झोप नाही, सारखी धास्ती वाटते. शेजारी मानसशास्त्राचे प्राध्यापक राहतात, त्यांना दाखवावे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सल्ला जरूर विचारावा, उपचार मात्र त्यांच्याकडून घेऊ नयेत. स्मरणशक्तीवर पीएच.डी. केलेल्या व्यक्तीला रुग्ण तपासण्याचे शिक्षण मिळालेले असतेच असे नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि औषधे लिहून द्यायची तर वैद्यकीय पदवी घेतलेला मनोविकारतज्ज्ञच हवा. दोन महिने हा थोडा काळ नव्हे. वडिलांना या आठवड्यातच घेऊन जावे.