वाचकांचे प्रश्न : बुबुळाशेजारी नेब्युला लावावा का?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन आहे, विषय 'जीवन आणि विश्व यांचं नातं'. मुलांनी जोड्या लावल्यात, डोळ्याच्या बुबुळाशेजारी नेब्युला (अवकाशातला वायू-धुळीचा ढग), मेंदूच्या पेशींशेजारी दीर्घिकांचं जाळं वगैरे. दिसतं भारी, पण बघणारा 'वा, छान' म्हणून पुढे जाईल अशी धाकधूक वाटते. काय करू?
– एक प्राध्यापिका, ठाणे

उत्तर : ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्यांचं नातं असतंच असं नाही ना, बुबुळ गोल आणि रंगीत, काही नेब्युलाही तसेच, बास, पुढे काय? मी तरी त्या जोड्या काढूनच टाकेन, मुलं हिरमुसली तरी चालेल.

आणि तुम्ही ठाण्यात राहता, मग लांब कशाला जायचं, खाडी आहे की! फ्लेमिंगोंच्या सीझनमध्ये मुलांना एकाच जागी दोनदा न्या, एकदा अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, दोन्ही वेळा ओहोटीलाच, आणि कॅमेऱ्याची फ्रेम तीच ठेवा. उधाणाला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी पार लांब जातं आणि चिखल उघडा पडतो. भांगाला तेवढा पडत नाही. फ्लेमिंगो तिथे चोच उलटी करून पाणी-चिखल गाळत शेवाळ खातात, त्या खाण्यातल्या रंगद्रव्यानेच त्यांची पिसं गुलाबी होतात. म्हणजे चंद्रापासून पिसापर्यंत अख्खी साखळी मुलांच्या डोळ्यांसमोर आहे, फक्त चोचीचा क्लोजअप नीट मिळायला हवा, त्यासाठी टेलिफोटो लेन्स कुणाकडून तरी मागून आणा पण पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका, ते उडाले की त्यांचं खाणं बुडतं.

जमलं तर बुलढाण्याचं लोणार सरोवरही करा. आकाशातून दगड पडला, काळ्या बेसॉल्ट खडकात साधारण 1.8 किलोमीटर रुंद खड्डा झाला, आत खारं पाणी साठलं, आणि 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हे खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम. मला स्वतःला याच्याइतकं सुंदर उदाहरण दुसरं माहीत नाही!

हबल या अवकाश दुर्बिणीचे फोटो लावणार असाल तर एक सांभाळा. ईगल नेब्युलाचा 1995 चा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, त्यातले रंग डोळ्याला तसे दिसणारे नाहीत, सल्फर, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला वेगवेगळे रंग देऊन तो बनवलाय, हे कॅप्शनमध्ये लिहा. नासाचे बहुतेक फोटो शैक्षणिक कामाला वापरता येतात, क्रेडिट मात्र द्या.

आणि कॅप्शन मुलांनाच लिहू द्या, दोन-तीन ओळी, मराठीत, काय कशामुळे होतं एवढंच. खाडीवर जायची तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या, ओहोटी पहाटे किंवा रात्री असेल तर उजेडच मिळणार नाही.