वाचकांचे प्रश्न : वॉशिंग मशीनची घरघर, न फिरणारा ड्रम आणि फाटलेले गॅस्केट

प्रश्न : आमचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आठ वर्षे जुने आहे. गेल्या काही महिन्यांपासून कपडे पिळताना त्यातून मोठी घरघर येते आणि मशीन जागेवरून सरकते. एका कारागिराने बेअरिंग गेल्याचे सांगितले, दुसऱ्याने शॉक अब्झॉर्बर बदलावे लागतील असे सांगितले आणि दोघांनीही शेवटी नवे मशीन घेण्याचा सल्ला दिला. नेमके काय झिजले आहे, हे घरी ओळखता येईल का? बेअरिंग घरी बदलता येते का?

उत्तर : केवळ आठ वर्षे झाली म्हणून मशीन काढून टाकू नये. आपण दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. घरघर बहुधा बेअरिंगची, म्हणजे ड्रमचा दांडा ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतो त्याची असते, तर जागेवरून सरकणे हे बहुधा टबचे हेलकावे रोखणाऱ्या शॉक अब्झॉर्बरचे किंवा पायांच्या असमतोलाचे लक्षण असते, त्यामुळे दोन्ही कारागिरांचे निदान बरोबर असण्याचीही शक्यता आहे. एकही सुटा भाग विकत घेण्याआधी पुढील तपासणी करावी.

प्लग काढून ठेवावा, दार उघडून रिकाम्या ड्रमची वरची कड आतून धरावी आणि ड्रम वर-खाली हलवून पाहावा. ड्रम आणि त्याच्या बाहेरचा टब एकत्र हलत असतील तर ते स्वाभाविक आहे, कारण संपूर्ण टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मात्र टब जागेवर राहून फक्त ड्रम हलत असेल, तर बेअरिंग सैल झाले आहे. नंतर ड्रम हाताने सावकाश फिरवावा. चांगले बेअरिंग जवळजवळ निःशब्द फिरते, तर गंजलेल्या बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधीच हाताला जाणवते. मागचे पत्र्याचे झाकण काढल्यावर पुलीच्या (पट्ट्याने फिरणाऱ्या चाकाच्या) मागे, शाफ्टपासून म्हणजे ड्रमच्या दांड्यापासून खाली ओघळलेला तपकिरी डाग दिसला तर शंकेला जागा उरत नाही.

शॉक अब्झॉर्बरची परीक्षा वेगळी आहे. वरचे झाकण काढून टब दोन्ही हातांनी खाली दाबावा आणि एकदम सोडावा. तो वर येऊन लगेच स्थिरावला तर शॉक अब्झॉर्बर ठीक आहेत. दोन-तीन हेलकावे घेत राहिला तर ते निकामी झाले आहेत आणि मग ते सगळे एकदमच बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना असला तर टब एका बाजूला ओढला जातो. मशीनचे चारही पाय जमिनीवर घट्ट टेकले आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

आता बेअरिंगकडे वळू. बेअरिंग झिजते हे खरे, परंतु बहुतेक वेळा त्याच्या पुढे बसवलेले रबरी ऑइल सील आधी खराब होते. ड्रमचा शाफ्ट टबच्या मागच्या भिंतीतून दोन बेअरिंगांवर टेकून बाहेर येतो आणि टबातले पाणी व पुढचे बेअरिंग यांच्यामध्ये हे सील असते. साबणाचा साका, पाण्यातला क्षार आणि वर्षानुवर्षांचे घर्षण यांमुळे त्याची ओठासारखी पातळ कड कडक होते, पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि पोलादी गोळ्या गंजतात. म्हणूनच नुसते बेअरिंग बदलून जुने सील तसेच ठेवणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे होय. दोन्ही बेअरिंगे आणि सील एकत्रच बदलावे. त्याबरोबर शाफ्टवर जिथे सीलची कड घासते त्या धातूच्या कड्यावरून नख फिरवून पाहावे. नख चरात अडकले तर नवे सीलही पाणी रोखू शकणार नाही. ड्रमच्या मागे तीन हातांचा ॲल्युमिनियमचा आधार असतो, त्यालाच शाफ्ट जोडलेला असतो. त्यावर पांढरी भुकटी साचून धातू पोखरला गेला असेल किंवा तडा दिसत असेल, तर तो आधारही शाफ्टसह बदलणे आवश्यक आहे, कारण वेगात पिळताना तो तुटला तर ड्रम टबावर आदळतो.

हे काम घरी होईल की नाही, हे एका गोष्टीवर अवलंबून आहे. टबचे दोन अर्धे भाग स्क्रूंनी किंवा क्लिपांनी जोडलेले असतील तर ते उघडता येतात. काही मशीनमध्ये मात्र ते कारखान्यातच कायमचे सांधलेले असतात आणि तिथे सहसा संपूर्ण टबच बदलावा लागतो. खर्चाचा हिशेब याच ठिकाणी बदलतो, म्हणून टबचा सांधा नीट पाहिल्याखेरीज सुटे भाग मागवू नयेत.

टब उघडणारा असेल तर साध्या अवजारांनी आणि धीराने काम होते. टबाला काँक्रीटची वजने लावलेली असतात, त्यामुळे तो एकट्याने उचलू नये. प्रत्येक वायर सोडण्याआधी छायाचित्र घ्यावे. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा वाचावा, उदाहरणार्थ ६२०५ किंवा ६२०६. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे अनुक्रमे २५ आणि ३०. पुढचे आणि मागचे बेअरिंग बहुधा वेगवेगळ्या मापाचे असते. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे आकडे असतात, तेही तंतोतंत जुळले पाहिजेत.

शाफ्ट बाहेर काढताना पुलीचा बोल्ट परत थोडा आत फिरवून ठेवावा आणि त्यावर लाकडाचा तुकडा धरून ठोकावे. शाफ्टच्या उघड्या टोकावर हातोडी मारल्यास आटे फुटतात. नवे बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवले तर ते किंचित आकसते आणि सोपे बसते. बसवताना दाब नेहमी बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर ठोकले तर तो धक्का गोळ्यांवर जातो आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करू लागते. सील शेवटी बसवावे, त्याच्या कडेला पाण्याने न धुतले जाणारे ग्रीस लावावे आणि टब बंद करताना दोन अर्ध्या भागांमधली रबरी कडीही नवी घालावी.

प्रश्न : आमचे मशीन पाणी घेते, पाणी सोडते, पण ड्रम फिरत नाही. मोटर बदलावी लागेल असे सांगण्यात आले आहे. ते खरे असेल का?

उत्तर : कदाचित असेलही, परंतु मोटर हे शेवटचे अनुमान असावे. प्लग काढून ड्रम हाताने फिरवावा. तो अगदी हलका, कोणताही विरोध न करता फिरत राहिला तर पट्टा निसटला किंवा तुटला आहे. पट्ट्यावर १२७० जे ५ अशा स्वरूपाची खूण छापलेली असते. पहिला आकडा मिलिमीटरमधील लांबी, अक्षर खाचांचा प्रकार आणि शेवटचा आकडा खाचांची संख्या दर्शवतो. लांबीत थोडा जरी फरक असला तरी पट्टा एकतर घसरतो किंवा मोटरच्या बेअरिंगवर ताण आणतो.

पट्टा जागेवर असेल तर मोटरचे कार्बन, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, तपासावेत. इन्व्हर्टर मोटरमध्ये आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या साध्या मोटरमध्ये कार्बन नसतात. ज्यात असतात, त्या मोटरच्या दोन बाजूंना वायर जोडलेले छोटे धारक दिसतात. नवा कार्बन साधारण ३५ ते ४० मिलिमीटर लांब असतो आणि झिजून १० ते १२ मिलिमीटरवर आला की त्याच्यामागची स्प्रिंग पुरेसा दाब देऊ शकत नाही. ड्रम मधूनच थांबणे, भरलेले मशीन न फिरणे पण रिकामे फिरणे आणि जळकट वास ही त्याची आधीची लक्षणे आहेत. कार्बन जोडीनेच बदलावेत आणि जुन्या तुकड्याचा उतार कोणत्या दिशेला होता हे पाहून नवे त्याच दिशेने घालावेत. पहिल्या काही फेऱ्यांत थोड्या ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतो त्या मात्र जळलेल्या किंवा उचललेल्या असतील, तर नवे कार्बन टिकणार नाहीत आणि तेव्हाच मोटरचा विचार करावा.

मोटर नुसती गुणगुणत असेल आणि हाताने ढकलल्यावरच फिरत असेल, असे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये पुष्कळदा होते, तर कपॅसिटर (मोटर सुरू करण्यास मदत करणारा, वीज साठवणारा भाग) बदलावा. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो, म्हणून तो रिकामा केल्याशिवाय त्याच्या टोकांना हात लावू नये. याची माहिती नसेल तर हे एवढे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : दाराचे रबर खालच्या बाजूला फाटले आहे आणि पाणी ठिबकते. चिकटवून चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हे रबर प्रत्येक फेरीत टबाबरोबर हलते आणि चिकटवलेली जागा लवकरच सुटते. मॉडेल क्रमांक दाराच्या कडेवरील पट्टीवर असतो; तो पूर्ण लिहून घेऊन त्याच क्रमांकाचे गॅस्केट, म्हणजे दाराचे रबर, मागवावे, कारण वरवर सारखी दिसणारी गॅस्केटे टबाच्या कडेवर बसत नाहीत. बाहेरची तारेची कडी काढावी, मग आतली. गॅस्केटवर वरच्या बाजूची खूण असते, ती टबावरच्या खुणेशी जुळवावी, म्हणजे पाणी निथळण्याची छिद्रे आपोआप तळाशी येतात. रबर सरकवण्यासाठी भांड्यांचा पातळ साबण बोटाने लावावा. तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. दोन्ही कड्या बसवल्यावर थंड पाण्याची एक छोटी फेरी रिकामी चालवून टॉर्चच्या उजेडात खालची कड पाहावी, म्हणजे गळती राहिली असेल तर लगेच कळते. आणि रबर कशाने फाटले तेही शोधावे : खिशात राहिलेली पिन किंवा नाणे पुष्कळदा ड्रम आणि रबर यांच्या फटीत किंवा पंपाच्या गाळणीत सापडते.