टाक्यांखाली साचलेलं रक्त: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: स्तनातली गाठ काढून आज सहावा दिवस. टाक्यांच्या बाजूला लिंबाएवढं टणक झालंय, कातडी जांभळी पडलीय आणि जांभळेपणा खाली बरगड्यांपर्यंत उतरलाय. गाठ परत आली का? सासूबाई मिठाच्या पुरचुंडीनं शेकायला सांगतात. (मानेवाडा, नागपूर)

ताई, सहा दिवसांत कॅन्सरची गाठ लिंबाएवढी होत नाही. गाठ काढल्यावर आत पोकळी राहते. तिथल्या एखाद्या बारीक रक्तवाहिनीतून रक्त झिरपलं की ते पोकळीत साचतं आणि गोठतं. यालाच डॉक्टर हिमॅटोमा म्हणतात. जांभळा रंग खाली सरकतो कारण रक्त वजनानं खाली उतरतं. पुढं तो हिरवट होईल, मग पिवळा, आणि दोन-तीन आठवड्यांत जाईल. टणकपणा मात्र त्यानंतरही रेंगाळतो. लिंबाएवढी गाठ विरायला महिना-दीड महिना लागणं नेहमीचं आहे, मोठी असेल तर काही महिने.

एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती वाढतेय का, आणि किती वेगानं, हे महत्त्वाचं. बॉलपेननं सुजेची कड आखा आणि शेजारी वेळ लिहा. चार तासांनी बघा. सूज रेघेच्या आत असेल तर ठीक. फक्त रंग खाली पसरला तर तो वाढीत धरू नका. सूज रेघ ओलांडून फुगत असेल, कातडी ताणून चकचकीत झाली असेल, ठणका वाढत असेल, किंवा चक्कर, घाम आणि छातीत धडधड असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. जिथं ऑपरेशन झालं तिथं कॅज्युअल्टीत जा. ते लांब असेल तर मेडिकल, मेयो, एम्स यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. वाटेत तळहातानं जागा घट्ट दाबून धरा. निघताना काही खाऊ-पिऊ नका, कारण पुन्हा उघडून रक्तवाहिनी बांधावी लागली तर भूल रिकाम्या पोटी द्यावी लागते. डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी सोबत असू द्या.

आता शेकाचं. सासूबाईंची माया खरी, पण पुरचुंडी नको. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुटू शकतं. दुसरं, ऑपरेशनमध्ये कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, तिथली जाणीव बोथट होते. चटका बसला तरी कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. बर्फाचंही तेच. पहिल्या दोन दिवसांत रुमालात गुंडाळून दहा मिनिटं, तेही घड्याळ लावून आणि सर्जनला विचारून. सहाव्या दिवशी त्याचा फारसा उपयोग उरलेला नसतो. तेल लावून चोळणं, हळदीचा लेप, जळवा, तुंबडी यांतलं काहीच करू नका. लेपामुळं टाक्यांत जंतू जातात आणि जंतूंना साचलेल्या रक्तासारखं खाद्य दुसरं नाही. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, कातडी लाल-गरम झाली किंवा टाक्यांतून घाण वासाचा स्राव आला, तर त्याच दिवशी दाखवा.

खरा उपयोग होतो तो घट्ट पण श्वास न कोंडणाऱ्या ब्राचा. पुढून हुक, रुंद पट्टे, सुती कापड, आत तार नको. दिवसाही आणि रात्रीही घाला. मे महिन्यात नागपुरात हे जड जातं हे मान्य, म्हणून दोन-तीन जोड घ्या आणि घामट झाली की बदला. त्या बाजूच्या हातानं दोन किलोच्या वर काही उचलू नका. भरलेली बादली आणि कूलरमध्ये पाणी ओतणं हे घरातल्या दुसऱ्या कुणाकडं द्या.

प्रश्न: आईचा स्तन काढलाय. छातीत नळी आणि डबी आहे. काल पिवळसर पाणी येत होतं, आज लाल दिसतंय. आम्ही काटोलला राहतो. (काटोल)

पहिले एक-दोन दिवस लाल, मग पातळ कोकम सरबतासारखं, मग पिवळसर: हा नेहमीचा क्रम. एकदा पिवळं झालेलं पुन्हा गडद लाल होणं हा क्रम उलटणं आहे. आजच सर्जनला फोन करा. डबी तासा-दोन तासांत ताज्या रक्तानं भरत असेल तर फोन करता करताच नागपूरकडं निघा.

उलट गोष्टही फसवी असते. डबीत अचानक काहीच येत नाही आणि छाती फुगतेय, म्हणजे नळीत गुठळी अडकलीय. ‘स्राव थांबला, बरं झालं’ असं वाटून घरचे निर्धास्त होतात आणि रक्त आतच साचत राहतं. गुठळी सरकवायला एका हातानं नळी कातडीजवळ धरायची, म्हणजे टाका ओढला जात नाही, आणि दुसऱ्या हातानं नळी चिमटीत दाबत डबीकडं सरकवायची. नर्सनं शिकवलं असेल तरच करा.

डबी रोज एकाच वेळी रिकामी करा. हात साबणानं धुवा, चिमटा बंद करा, बूच काढा, मापाच्या पेल्यात ओतून मिली लिहा. मग भात्यासारखी डबी पूर्ण दाबून हवा काढा, दाबलेली असतानाच बूच लावा आणि चिमटा उघडा. शेवटचं हेच बरेच जण विसरतात. डबी फुगलेली राहिली तर ओढ लागत नाही. नळी साधारणपणे सलग दोन दिवस चोवीस तासांत २० ते ३० मिलीपेक्षा कमी स्राव आल्यावर काढतात. त्यामुळं तुमची वही हाच डॉक्टरांचा आधार.

प्रश्न: सुई घालूनही रक्त निघालं नाही. आता ‘दहा दिवसांनी या’ म्हणतात. टाळताहेत का?

नाही. ताजं गोठलेलं रक्त घट्ट दह्यासारखं असतं, सुईतून येत नाही. साधारण दहा-चौदा दिवसांनी ते सुटून काळसर, इंजिन ऑइलसारखं पातळ होतं. तेव्हा सोनोग्राफीत बघून जाड सुईनं काढता येतं. गाठ लहान असेल तर तेही करत नाहीत, कारण सुई टोचली की जंतू शिरायची शक्यता आलीच. हाताला पाण्याच्या पिशवीसारखं हलणारं, न दुखणारं आणि नळी काढल्यानंतर आलेलं फुगणं वेगळं. त्यात रक्त नसून पिवळसर द्रव असतो. त्याला सिरोमा म्हणतात आणि तो सुईनं सहज निघतो.

प्रश्न: स्टेंट आहे म्हणून ॲस्पिरिन चालू आहे. रक्त साचलं तर बंद करू का?

स्वतःहून मुळीच नाही. स्टेंट बंद पडणं हिमॅटोमापेक्षा कितीतरी धोक्याचं. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतील. ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटवर सात ते दहा दिवस राहतो, त्यामुळं आज गोळी चुकवली तर उद्या रक्तस्राव थांबतो असंही नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळीत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं नाही ना, हे पाकिटावर वाचा.

प्रश्न: यामुळं रेडिएशन पुढं गेलं. आजार वाढेल का?

प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनमध्ये गाठीची मूळ जागा नीट दिसावी लागते. साचलेलं रक्त ती पोकळी मोठी दाखवते, शिवाय जखम भरलेली हवी. म्हणून थोडं थांबतात. केमो घ्यायची असेल तर जखम कोरडी झाल्यावर ती आधी सुरू होऊ शकते. पुढची तारीख कोणत्या तपासणीवर ठरणार, एवढं विचारून कागदावर लिहून घ्या. जुन्या हिमॅटोमाच्या जागी चरबीची टणक गाठ किंवा चुन्याचे ठिपके उरू शकतात आणि पुढच्या मॅमोग्राफीत ते संशयास्पद दिसू शकतात. तेव्हा रेडिऑलॉजिस्टला ‘इथं रक्त साचलं होतं’ हे तोंडानं सांगा, जुन्या फिल्मही न्या.

प्रश्न: स्कूटी कधी चालवू?

नळी निघाली, जखम भरली आणि न दुखता करकचून ब्रेक दाबता आला की. बहुतेकींना तीन-चार आठवडे लागतात. गाठ अजून दुखरी असेल तर आणखी थांबा. तोवर मागं बसूनही नको, गतिरोधकाचा हादरा थेट छातीत बसतो. कारमध्ये सीटबेल्टखाली छोटी उशी ठेवा.